थंडीत पळायला जाताना अंगावर काय घालायचं

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पहाटे ९-१० डिग्री असणं काही नवीन नाही, निफाडला तर पारा ५-६ वर येतो आणि द्राक्षवाले बागेत शेकोट्या पेटवतात. अशात पळायला निघताना बहुतेक जण एकच चूक करतात, घरात जे जाड दिसेल ते अंगावर चढवतात. मीपण केलीये. बनियन, त्यावर सुती टीशर्ट, त्यावर जाडजूड हुडी, दोन किलोमीटरमध्ये घामाने निथळलो, मग हुडी काढून कमरेला बांधली तर ती ओलीगच्च मागे फटाफट आपटत होती, आणि शेवटी टपरीवर चहाला थांबलो तेव्हा दात असे वाजायला लागले की ग्लास धरवेना.

तर साधा हिशोब, बाहेर ९ असेल तर १७-१८ आहे असं समजून कपडे घाला. गेटबाहेर पडताना जरा काकडायला झालं पाहिजे, दहा मिनिटांत अंग तापतंच.

अंगाला लागून ड्रायफिट, म्हणजे पॉलिएस्टरचा टीशर्ट, आणि अंगाबरोबर बसणारा, ढगळ असला तर घाम कापडापर्यंत पोचतच नाही. सुती बनियन पण नको, ते घाम धरून ठेवतं आणि वारा लागला की तेच गार पडतं. १२-१३ च्या वर असेल तर एक फुल बाह्यांचा ड्रायफिट बास. १० च्या खाली हाफ टीशर्ट आणि आर्म स्लीव्ह्ज, ऊन आलं की खाली सरकवायच्या (जुन्या लांब मोज्यांचे पंजे कापले तरी चालतं, दिसायला कसंतरीच दिसतं पण पहाटे बघतंय कोण). वारा असेल तरच वरून पातळ विंडचीटर. घेताना कापड तोंडाला लावून फुंकून बघा, थोडी हवा आरपार गेली पाहिजे, रेनकोटसारखं असेल तर आत वाफेवर मोदक.

पायांचं फार टेन्शन नको, ते पळून पळून स्वतःच तापतात, शॉर्ट्स चालते, फारच गारठा असेल तर टाइट्स. खरी वाट लागते बोटांची आणि कानांची. मी हार्डवेअरच्या दुकानातले पांढरे विणलेले हातमोजे वापरतो, सुती आहेत हो, पण हाताला तेवढा घाम येत नाही आणि गरम झालं की खिशात कोंबता येतात. कानाला बफ (डोक्यावरून ओढायची ताणली जाणारी कापडी नळी) किंवा पट्टी, माकडटोपीत डोकं उकडतं आणि कुत्री भुंकतात ते वेगळंच.

दिल्लीकडे किंवा परदेशात शून्याच्या आसपास पळणार असाल तर मात्र मधे पातळ फ्लीसचा (लोकरीसारखं मऊ, उबदार कापड) एक थर लागतो, आणि आतला टीशर्ट मेरिनो लोकरीचा मिळाला तर उत्तमच, ती ओली झाली तरी ऊब देते.

पळून झाल्यावर आधी कोरडा टीशर्ट, मग चहा. आणि ड्रायफिट धुताना कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड टाकू नका, घाम ओढून घ्यायची ताकद जाते, घरात जो मशीन लावतो त्याला आधीच सांगून ठेवा.