जुना हातविणीचा लोकरी गालिचा घरात वापरताना

ग्वाल्हेरच्या हातविणीच्या गालिच्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण ग्वाल्हेरच्याच लष्कर नावाच्या भागातील एखाद्या वाड्यातून वारशाने आलेला, ओसरीत किंवा बोळात अंथरायचा लांबट गालिचा ज्यांच्या घरी आहे, त्यांनी प्रथम तो उलटा करून पाहावा. गाठी मारून विणलेल्या गालिच्याच्या पाठीवर नक्षी स्पष्ट उमटलेली असते आणि टोकांच्या दशा म्हणजे ताण्याचेच, म्हणजे विणीतले लांबीच्या दिशेचे, धागे असतात. त्या वरून शिवलेल्या असतील, तर गालिचा यंत्रावर विणलेला तरी असावा किंवा त्याचे टोक नंतर दुरुस्त केलेले असावे. विस्कटलेल्या दशा कापून सारख्या करू नयेत, कारण त्यांचा आधार गेला की कडेची वीण उसवू लागते.

धुण्यापूर्वी पांढरे सुती फडके ओले करून प्रत्येक रंगावर मिनिटभर दाबावे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या कृत्रिम रंगांपैकी काही कच्चे होते, आणि एकाच गालिच्यात पक्का निळा व कच्चा लाल शेजारी शेजारी असू शकतात. म्हणून केवळ एका कोपऱ्यावरील परीक्षा पुरेशी नाही. फडक्याला रंग लागला, तर गालिचा घरी मुळीच धुऊ नये.

सर्वांत जास्त जपायचे ते ओलाव्यापासून. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणून मे-जूनमध्ये दिवसभर चालणाऱ्या कूलरच्या झोतासमोर गालिचा अंथरू नये. वरून तो कोरडा वाटला, तरी फरशीकडची बाजू दमट राहते आणि ताणा सुती असल्यास कुजू लागतो.

कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, लागते ती बहुधा पायाखालच्या भागाला नव्हे, तर कपाटाखाली अंधारात दबलेल्या टोकाला. महिन्यातून एकदा ते टोक उचलून पाहावे आणि व्हॅक्यूम क्लीनरचा फिरता ब्रश काढून, दशा वगळून, दोन्ही बाजू हलक्या ओढीने झाडाव्यात. निव्वळ कडुलिंबाच्या पाल्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते, कारण त्या भरवशावर तपासणीच राहून जाते. दर सहा महिन्यांनी टोके फिरवून अंथरल्यास झीज एकाच जागी होत नाही.

ठेवून द्यायचा असल्यास घडी घालू नये. पूर्ण कोरडा करून नळीवर गुंडाळावा, प्लॅस्टिकऐवजी धुतलेल्या मांजरपाटात बांधावा आणि पावसाळा सरल्यावर एकदा पूर्ण उलगडून पाहावा.