ट्रेलर ओढायचा असेल तर आधी वजनकाट्यावर जा

कॅम्पिंगचा ट्रेलर घ्यायचं ठरलं की सल्ला द्यायला चारजण पुढे येतात. गाद्या कुठल्या, पडदे कसले, सोलर पॅनेल किती वॅटचं, सगळं सांगतात. वजनाचा विषय काढलात की मात्र एकच उत्तर मिळतं, "तुमची गाडी ओढेल की आरामात!" ओढेलच. आजकालच्या गाड्यांची इंजिनं काहीही ओढतात. उतारावर थांबणं, वळणावर ताब्यात राहणं आणि शेजारून मोठा ट्रक गेला तरी सरळ राहणं, खरी अडचण तिथे असते. त्यामुळे या लेखात वजनावर सविस्तर लिहितोय, बाकीचं झटपट उरकणार आहे.

घेताना काय बघायचं

जुना ट्रेलर घेत असाल तर पाणी कुठून शिरलंय का, एवढंच आधी शोधा. छताचे सांधे, खिडक्यांचे कोपरे आणि कपाटांच्या आतले, सहसा कोणी बघत नाही ते कोपरे अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं की समजा आतलं लाकूड कुजलंय. बाहेरची भिंत तिरक्या उजेडात न्याहाळा, फुगवटे दिसले तर भिंतीचे थर सुटलेत. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिला असेल तर का दिला ते विचारा. पंप, फ्रिज, दिवे बिघडलेले असले तरी चालेल, ते दुरुस्त होतात. कुजलेली चौकट दुरुस्त करण्यापेक्षा दुसरा ट्रेलर शोधणं परवडतं.

माहितीपत्रकातलं 'रिकामं वजन' सरळ विसरा. त्यात बॅटरी, भरलेला गॅस सिलिंडर, बाहेरची कनात आणि पाणी बहुतेक वेळा धरलेलं नसतं. ट्रेलरवरच्या पाटीवर जे कमाल एकूण वजन लिहिलंय तेच तुमचं वजन समजा. भांडी, अंथरुणं, खुर्च्या, हत्यारं भरता भरता तुम्ही तिथे पोहोचताच.

गाडीच्या बाजूनेही एक आकडा असतो आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. जाहिरातीत ओढण्याची क्षमता ठळक छापतात, पण त्याआधी संपते ती गाडीची स्वतःवर भार वाहण्याची क्षमता. ती दाराजवळच्या पाटीवर किंवा हँडबुकात सापडते. माणसं, डिकीतलं सामान, हिचचं (गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या जोडणीचं) लोखंड आणि ट्रेलर हिचवर जो भार टाकतो तो, हे सगळं त्यातूनच वजा होतं. समजा ही क्षमता ६०० किलो आहे. चौघांचं कुटुंब २८०, सामान ८०, हिच ४०. उरले २००. आता २,००० किलोचा ट्रेलर १२ टक्के भार हिचवर टाकणार, म्हणजे २४०. बसत नाही, मग ओढण्याची क्षमता कागदावर २,७०० का असेना.

हिचवरचा भार: इथे घाई नको

ट्रेलर बॉलवर, म्हणजे हिचवरच्या ज्या गोळ्यावर तो बसतो त्यावर, खाली दाबतो तो भार नेमका किती, यावर सगळा प्रवास अवलंबून असतो. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरसाठी तो भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. मी स्वतः १२-१३ टक्क्यांवर ठेवतो. युरोपीय कॅरॅव्हॅनना, म्हणजे तिकडच्या कॅम्पिंग ट्रेलरना, ५ ते ७ टक्के पुरतात, कारण त्यांची रचना वेगळी, ओढण्याचा वेग कमी आणि तिथल्या गाड्यांच्या हिचची मर्यादाही कमी. एका पद्धतीचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या ट्रेलरला लावू नका. तुमच्या ट्रेलरचा कारखाना जे सांगतो तेच धरा, आणि गाडीच्या हिचवर कोरलेली मर्यादाही बघा.

आता सगळ्यांत घातक सल्ला: "गाडीचं बूड बसतंय ना, मग ट्रेलरच्या मागच्या बाजूला थोडं वजन टाक." बूड वर येतं हे खरं. पण बैलगाडी मागे जास्त भरली की उलाळ होते, तसंच इथे होतं. फरक इतकाच की इथे तुम्ही ताशी ९० किलोमीटरने चाललेले असता.

ट्रेलर बॉलभोवती डावीकडे-उजवीकडे फिरू शकतो. वाऱ्याचा झोत आला, शेजारून बस गेली की तो थोडा हलतोच. वजन नीट भरलेलं असेल तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा लहान होत जातो आणि ट्रेलर शांत होतो. एका ठरावीक वेगाच्या वर मात्र हेच हेलकावे लहान होण्याऐवजी मोठे होत जातात. वजन जितकं मागे, तितका हा वेग खाली येतो. म्हणून "कालपर्यंत तर सरळ चालत होता" याला काही अर्थ नाही. काल तुम्ही त्या वेगाच्या खाली होतात, आज उतार लागला आणि वर गेलात.

मागच्या बंपरवर सायकली टांगण्याचा फॅशनेबल प्रकार घ्या. समजा एक्सलपासून, म्हणजे ट्रेलरच्या चाकांच्या आसापासून, बॉल ५ मीटर पुढे आहे आणि सायकली ४ मीटर मागे. स्टँडसकट ६० किलोच्या सायकली बॉलवरचा ४८ किलो भार उचलून घेतात. १,५०० किलोच्या ट्रेलरचा भार १८० किलो होता, म्हणजे १२ टक्के. तो १३२ वर आला आणि ट्रेलर मात्र १,५६० किलोचा झाला. साडेआठ टक्के. घरून निघताना काहीच वेगळं जाणवत नाही, कारण गाडी उलट हलकी वाटते.

पाण्याच्या टाकीचंही तसंच. एक लिटर म्हणजे एक किलो, १५० लिटरची टाकी म्हणजे दोन धष्टपुष्ट माणसं. टाकी एक्सलच्या पुढे आहे की मागे, ते खाली वाकून बघा. मागे असेल तर रिकामी ठेवून निघा आणि मुक्कामाजवळ भरा. वापरलेल्या पाण्याच्या टाक्या कुठे आहेत तेही बघा, कारण परतीच्या वाटेवर वजनाची जागा बदललेली असते.

आणखी एक फसवं प्रकरण: पुढच्या टोकाला जनरेटर आणि मागच्या टोकाला तेवढंच वजन. बॉलवरचा आकडा बरोबर येतो, तरी ट्रेलर वाईटच वागतो, कारण दोन्ही टोकांना वजन असलं की एकदा सुरू झालेला हेलकावा थांबता थांबत नाही. जड वस्तू एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, आणि जमिनीलगत. वरच्या कपाटांत पाव, चादरी, टॉवेल. डबाबंद माल वर ठेवणाऱ्याला पहिल्या खड्ड्यात उत्तर मिळतं.

मोजायचं कसं

अंदाजाने, हाताने उचलून किंवा "बसलेली दिसतेय बरोबर" असं म्हणून हे कळत नाही. ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर जा, गर्दी नसेल अशा वेळी. घरातली माणसं, पेट्रोल, गॅस, कपडे, सगळं प्रवासाला निघाल्यासारखं भरलेलं हवं. हिचवरचा भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारे स्प्रिंग बार असतील (त्यांच्याबद्दल खाली) तर मोजताना सोडून ठेवा. ट्रेलर जोडलेलाच ठेवून फक्त गाडी काट्यावर घ्या, ट्रेलरची चाकं काट्याबाहेर. हा पहिला आकडा. मग पूर्ण जोडी काट्यावर घ्या, हा दुसरा. शेवटी ट्रेलर बाजूला सोडून एकटी गाडी, हा तिसरा. काट्यावर येताना जी माणसं गाडीत होती ती तिन्ही वेळा गाडीतच बसू द्या.

उदाहरणार्थ २,४८०, ४,१२० आणि २,२७० असे आकडे आले. पहिल्यातून तिसरा वजा केला की हिचवरचा भार, २१० किलो. दुसऱ्यातून तिसरा वजा केला की ट्रेलरचं वजन, १,८५० किलो. प्रमाण ११ टक्क्यांच्या थोडं वर. ठीक आहे, निघा.

काटा जवळ नसेल तर घरचा वजन करायचा काटाही चालतो. एक भक्कम फळी घ्या, तिचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर टेकवा. दोन्ही टेकूंच्या मध्ये ९० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ट्रेलरचा जॅक (नाक वर-खाली करणारा पुढचा पाय) विटेकडून ३० सेंटिमीटरवर फळीवर उतरवा. काटा दाखवेल त्याच्या तिप्पट भार धरा. फळी ठेवून काटा आधी शून्यावर आणा, ट्रेलर ओढताना असतो तसा सपाट ठेवा आणि चाकांना ठोकळे लावल्याशिवाय हे करू नका. जॅक हिचच्या थोडा मागे असतो, त्यामुळे आकडा किंचित जास्त येतो. तेवढं चालतं.

भार वाटणाऱ्या हिचबद्दल दुकानात भरपूर गोडवे ऐकायला मिळतात. तिचं काम एकच: मागच्या चाकांवर पडलेल्या भारापैकी काही पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या एक्सलवर पाठवणं. ट्रेलर जोडण्याआधी पुढच्या चाकावरच्या कमानीची जमिनीपासून उंची मोजा, जोडल्यावर मोजा, बार ताणल्यावर पुन्हा मोजा. उचललेली उंची किती परत आणायची ते गाडीच्या हँडबुकात असतं, काही गाड्यांना अशी हिच चालतच नाही. चुकीचं भरलेलं सामान ती दुरुस्त करत नाही आणि गाडीची मर्यादाही वाढवत नाही. हेलकावे थांबवणाऱ्या दांड्यांचंही तेच. आधी सामान हलवा, मग उपकरणं विकत घ्या.

एवढं करूनही ट्रेलर हलायला लागलाच तर अॅक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरा. ट्रेलरच्या ब्रेकचा वेगळा खटका असेल तर फक्त तो हळूच दाबा. गाडीचा ब्रेक मारू नका, गाडी अडते आणि मागचा ट्रेलर तिला ढकलत राहतो. स्टिअरिंगने हेलकाव्याचा पाठलाग करू नका, तुमचा हात नेहमी अर्धा हेलकावा उशिरा पोहोचतो. "वेग वाढव, ट्रेलर ताणला जाऊन सरळ होतो" हा सल्ला देणाऱ्याला ड्रायव्हरच्या शेजारीसुद्धा बसवू नका. शांत झाल्यावर बाजूला थांबा आणि सामान पुढे सरकवा. "आता सावकाश जाऊ" म्हणून तसंच पुढे जायचं नाही.

जोडणं आणि निघणं

बॉलचा आकार आणि कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या नाकावरच्या बॉलवर बसणाऱ्या वाटीवर, लिहिलेला आकार एकच हवा. जवळपासचा चालत नाही. कपलर बसवून खटका लावलात की जॅकने ट्रेलरचं नाक पुन्हा वर उचला. गाडीचं बूड सोबत उचललं गेलं तरच कपलर बसलाय. साखळ्या खाली एकमेकींवरून फुलीसारख्या नेऊन अडकवा. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारी तार साखळीला न अडकवता गाडीच्या पक्क्या भागाला वेगळी अडकवा. दिवे बघा. मध्येच कोणी गप्पा मारायला आलं तर पहिल्यापासून सगळं पुन्हा तपासा.

टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून खूश होऊ नका, ट्रेलरचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. बाजूला चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली की बदला. वेगाची मर्यादाही टायरवरच असते. हवा थंड टायरमध्ये भरा. चाक काढून बसवलं असेल तर ८० किलोमीटरच्या आत नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळा. वाटेत थांबलात की प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा खूप तापलं असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक बघायची वेळ झाली.

मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्या. कोन वाढला की पुढे जाऊन सरळ करा, आणि शंका आली की उतरून बघा. बाकी सगळा सराव, रिकाम्या मैदानात.

मुक्कामावर

आधी डावी-उजवी बाजू समतल, चाकाखाली फळ्या घालून. मग चाकांना ठोकळे. मगच हिच सोडायची, आणि पुढची-मागची पातळी जॅकने साधायची. कोपऱ्यातले पाय डुगडुग थांबवायला असतात, त्यांनी ट्रेलर उचलायचा नसतो. गॅसवर चालणारा फ्रिज तिरका ठेवला तर नीट थंड करत नाही आणि खराबही होतो.

आतल्या सामानात पहिला मान गॅस-गळती आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणाऱ्या अलार्मना. थंडी वाजते म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटवून झोपू नका. बॅटरी साध्या शिशाची असेल तर निम्म्याखाली उतरवू नका. लिथियमची खोलवर वापरता येते, पण गोठणबिंदूखाली चार्ज करायची नाही. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळा, वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या पेटीत. एसी, ओव्हन, टीव्ही हवे तर घ्या, पण प्रत्येक वस्तू ठेवताना ती एक्सलच्या पुढे येते की मागे, ते बघा.

संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह मुक्कामभर बंद ठेवा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि बाकीचं आत वाळून बसतं. टाकी दोन-तृतीयांश भरली की ठरलेल्या जागी आधी ती रिकामी करा, नंतर आंघोळीच्या पाण्याची, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घाला, आणि ते पिण्याच्या पाइपच्या पेटीत परत टाकू नका.