बेल्ट ओरडतोय? पाने हातात घेण्याआधीची तयारी

गाडीच्या इंजिनावरचा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) आणि पाण्याचा पंप फिरवणारा बेल्ट ओरडत असेल, तर नवा आणण्याआधी फवाऱ्याच्या बाटलीत साधं पाणी भरा. सैल बाह्या आवरून, हात लांब ठेवून, चालू इंजिनाच्या बेल्टवर कंगोऱ्यांच्या, म्हणजे लांबीभर धावणाऱ्या उंच रेघांच्या बाजूने थोडं फवारा. चिवचिव क्षणभर थांबून परत आली, तर बहुधा पुल्या एका रेषेत नाहीत. चिरका आवाज उलट वाढला, तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी. काहीच फरक न पडता घरघर चालूच राहिली, तर संशय बेअरिंगवर.

मग इंजिन बंद करा, निवू द्या, चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही आपसूक सुरू होऊ शकतो.

जवळ हवेत ते टॉर्च, सरळ पोलादी पट्टी, ब्रश, ब्रेक क्लीनर, लांब दांडा आणि टेन्शनरला (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाला) बसणारं सॉकेट. काही टेन्शनरना बोल्टऐवजी चौकोनी भोक असतं, तिथे दांडा थेट बसतो. बेल्ट कुठून कसा फिरलाय याचा फोटो काढल्याशिवाय टेन्शनरला हात लावू नका. नंतर आठवत नाही. ताणून बसवायचा, म्हणजे टेन्शनरशिवायचा बेल्ट असेल, तर चढवायला वेगळं हत्यार लागतं.

बेल्ट घेताना पाठीवरचा आकडा जुळवा. ६पीके१७५० म्हणजे ६ कंगोरे, लांबी १७५० मिमी. भेगा नाहीत म्हणून जुना बेल्ट चांगला समजू नका: हल्लीच्या बेल्टचं ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर सहसा तडकत नाही, झिजतं. खाचा रुंद होतात आणि बेल्ट पुलीच्या तळाला टेकून घसरतो. बेल्टवर मारायचा चिकट स्प्रे मात्र आणूच नका, त्यावर धूळ बसते आणि खरं दुखणं झाकलं जातं.

बेल्ट उतरला की आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी पुली), टेन्शनर, अल्टरनेटर, पाण्याचा पंप, प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर किंवा डुगडुग जाणवली तर तो भाग आधी बदला. तेल किंवा कूलंट कुठून झिरपत असेल तर ती गळती बंद करा, नाहीतर नवा बेल्टही तसाच ओरडेल. पुल्यांच्या खाचा ब्रेक क्लीनरने पुसा. बेल्टवर ते मारू नका.

बेल्ट चढवल्यावर टेन्शनर हळूच सोडा आणि टॉर्च धरून प्रत्येक पुलीवर सगळे कंगोरे खाचांत बसलेत का बघा. एकही बाहेर राहिला, तर बेल्टची कड फाटते.