उपग्रह भरपूर, तरी खडक दोन ठिकाणी: सागरी सर्व्हेत या चुका टाळा

नवा रिसीव्हर बसवला की शिकाऊ सर्व्हेअर आधी स्क्रीनवरचे उपग्रह मोजतो. जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायदू या चारही उपग्रह प्रणाली चालू, आकडा तिसाच्या वर, म्हणजे जागा अचूक! तसं नसतं. प्रणाली एकत्र केल्या की उपग्रह आकाशात नीट विखुरलेले मिळतात, क्रेनच्या आड काही गेले तरी फिक्स, म्हणजे काढलेली जागा, टिकतो. पण बोटीवर आपण केलेली चूक त्यातली एकही प्रणाली सुधारत नाही.

ही चूक बहुतेकदा अँटेनाच्या मापात असते. रिसीव्हर जागा देतो ती अँटेनाची, खोली मोजतो तो बोटीच्या तळाचा ट्रान्सड्यूसर. म्हणून दोघांतलं अंतर सॉफ्टवेअरमध्ये भरावं लागतं. कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी आमचं काम चालू होतं. आत जाताना दिसलेला खडक बाहेर येताना 12 मीटर सरकलेला. दोन दिवस आम्ही ग्लोनासला दोष दिला, एकेक प्रणाली बंद करून पाहिली. फरक तेवढाच. शेवटी टेप घेऊन मोजलं. अँटेना ट्रान्सड्यूसरच्या 3 मीटर मागे होता, सॉफ्टवेअरमध्ये भरला होता 3 मीटर पुढे. जाताना 6 मीटर एकीकडे, येताना 6 मीटर दुसरीकडे. एका उणे चिन्हापायी दोन दिवसांचं काम गेलं. तेव्हापासून माप मी स्वतः घेतो, दुसऱ्याला पुन्हा घ्यायला लावतो, वहीत बोट काढून बाण दाखवतो आणि एकाच खुणेवरून उलटसुलट दोन खेपा मारतो. हा अर्धा तास वाचवू पाहणारा माणूस मला बोटीवर नको.

वेळेचंही तसंच. जीपीएसची वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, 18 सेकंद पुढे आहे, बायदूची 4 सेकंद. रिसीव्हर आपल्यापुरता हिशेब जुळवतो, पण फिक्स जीपीएसच्या वेळेत आणि खोली यूटीसीत नोंदली, तर 5 नॉटला 46 मीटरची चूक होते.

उंचीबद्दल घाई करू नका. रिसीव्हर उंची मोजतो ती डब्ल्यूजीएस-84 या पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, आणि मुंबईजवळ समुद्रसपाटी त्या लंबगोलाच्या साठहून अधिक मीटर खाली आहे. डेकवर उणे आकडा दिसला म्हणून रिसीव्हर बिघडत नाही. आणि समुद्रसपाटी म्हणजे चार्ट डेटम, सागरी नकाशातली खोली जिथून मोजतात ती पातळी, नव्हे. मी धक्क्यावरच्या भरतीच्या पट्टीशी ताडून मगच दोर सोडतो.

क्षितिजालगतचे, 10 अंशांखालचे उपग्रह बंद ठेवा.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात सूर्यास्तानंतर आपल्याकडे आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, खवळतो, तेव्हा चारही प्रणालींचे सिग्नल एकदमच डळमळू शकतात. महत्त्वाच्या रेषा मी सकाळीच उरकतो.