होम लोनचे हप्ते थकलेत? घर जायच्या आधी हे करा
बँकेचे फोन टाळू नका, 90 दिवस थकायच्या आतच ब्रँचला जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करून द्या असा लेखी अर्ज द्या नि पोच घ्या, एकदा खातं एनपीए (म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज) झालं की फार अवघड होतं. मग सरफेसी कायद्याची (याने बँक कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकू शकते) 60 दिवसांत पैसे भरा अशी नोटीस येते. माझ्या मावसभावाने ते पाकीट न फोडताच टीव्हीमागे ठेवलं होतं, असं अजिबात करू नका! लेखी हरकत घ्या, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. ताब्याची नोटीस दारावर चिकटली तरी 45 दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) अर्ज करता येतो. दिवाळखोरीने गहाण घरावरचा बँकेचा हक्क जात नाही, त्यापेक्षा बँकेची लेखी परवानगी घेऊन लिलावाआधी स्वतःच विकलेलं बरं, भाव सहसा जास्त मिळतो.