टाकी भरलेला ड्रोन बांधावरून उडवताना

लवकर येणारा हळवा भात निसवलाय, लोंब्या बाहेर पडल्यात; मध्यम मुदतीचा निमगरवा पोटरीत आहे, लोंबी अजून आतच. मुरबाड-शहापूरकडे खोडकिडा किंवा करपा रोग दिसला की फवारणीसाठी हल्ली लगेच भाड्याच्या ड्रोनला फोन जातो. फवारणीची विमानं चालवणारे एका वेळेला फार जपतात : टाकी भरलेली आणि जमीन नुकतीच सुटलेली. तेव्हा काही बिघडलं तर सावरायला उंची नसते. म्हणून त्या विमानांना सगळं औषध एका झटक्यात खाली सोडायची सोय असते. आपल्या ड्रोनला ती नसते.

गेल्या सप्टेंबरात आमच्या शेजारच्या खाचरात हेच झालं. दहा लिटरची टाकी काठोकाठ, ड्रोन बांधावरच्या ओल्या गवतात. एक पाय चिखलाने धरला, दुसरी बाजू उचलली, आणि तो तिरका होऊन थेट ऐनाच्या झाडाच्या फांदीत. औषध खाचरात सांडलं. संध्याकाळी पाण्यावर मुठे, म्हणजे शेतातले खेकडे, उलटे पडले होते.

म्हणून उड्डाण खळ्यावरून किंवा रस्त्याकडेच्या कोरड्या जागेवरून करा. नाहीच मिळाली, तर खाली रुंद फळी टाका. ताडपत्री नको, पंख्यांच्या वाऱ्याने ती उडून त्यांच्यातच अडकते. वर विजेची तार बघा. पहिली फेरी नुसत्या थोड्या पाण्यावर घ्या. वाऱ्याने भाताचे शेंडे सारखे डोलत असतील तर त्या दिवशी राहू द्या. फुलोऱ्यात सकाळी 9 ते 11 फवारणी टाळा, तेव्हा फुलं उघडलेली असतात.

औषधाची मात्रा एकराच्या हिशेबाने. पाठीवरच्या पंपाला एकरी 200 लिटर पाणी लागतं, ड्रोनला साधारण 10. लिटरमागचं जुनं प्रमाण इथे चालत नाही. तुडतुड्यांवर मात्र माझा भरवसा पंपावरच. ते बुंध्याशी बसतात, वरचा फवारा तिथे नीट पोचत नाही.

चालवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र मागा, लाजू नका. नवी मुंबईच्या बाजूच्या गावांनी ड्रोन कुठे उडवता येतो त्याचा नकाशाही बघावा. नवा विमानतळ डिसेंबर 2025 पासून सुरू आहे आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 किमीच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

एवढं करूनही पडलाच, तर पंखे थांबेपर्यंत जवळ जाऊ नका. आधी खाचराची पाणी जायची वाट मातीने बुजवा. कुणाला मळमळ, चक्कर आली तर 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली लेबलासकट दवाखान्यात न्या. आपटलेली बॅटरी उघड्यावर, गवतापेंढ्यापासून लांब ठेवा. ओटीवर आणून चार्जिंगला लावू नका.