फिटनेस स्टुडिओत मदतनिधीचा कार्यक्रम कसा घ्यावा

सकाळी सहाच्या बॅचमधली माणसं एकमेकांना आडनावानं ओळखत नाहीत, पण कुणाचा गुडघा दुखतो आणि कुणाच्या घरी आजारपण आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. एखाद्या फिटनेस स्टुडिओनं सामाजिक संस्थेसाठी निधी उभा करायचं ठरवलं, तर त्याच्याकडचं सगळ्यांत मोठं भांडवल हेच. मशिनं आणि साउंड सिस्टीम नंतर.

अशा कार्यक्रमांत मी ट्रेनर म्हणून उभी राहिले आहे आणि पैसे मोजायलाही बसले आहे. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. निधी कार्यक्रमाच्या दिवशी जमत नाही, तो आधीच्या चार-पाच आठवड्यांत जमतो. त्या दिवशी फक्त घाम गाळायचा असतो. म्हणून हाताशी किमान आठ आठवडे ठेवा आणि पुढच्या क्रमानं जा.

१. संस्था ठरवा आणि तिच्याशी आधी बोला

मालकानं एकट्यानं संस्था निवडली तर सभासद टाळ्या वाजवतात, पण फोन उचलून कुणाकडे मागत नाहीत. त्यापेक्षा सभासदांकडून नावं मागवा, त्यांतली तीन निवडा आणि मतदान घ्या. बहुतेक वेळा जिंकते ती अशी संस्था, जिचा बॅचमधल्या कुणाला तरी स्वतः अनुभव आहे. तेच चांगलं, कारण ती व्यक्ती मनापासून बोलते. मात्र कुणाच्या आजाराची गोष्ट त्याच्या स्पष्ट होकाराशिवाय पोस्टरवर घालू नका. तोंडी ‘चालेल’ म्हणालेला माणूस पोस्टर भिंतीवर पाहिल्यावर अवघडतो. मजकूर आणि फोटो आधी त्याला दाखवा.

संस्था नोंदणीकृत आहे का, मागच्या वर्षाचा अहवाल आणि तपासलेले हिशेब उपलब्ध आहेत का, हे पाहा. मग त्यांना भेटा. नाव आणि बोधचिन्ह वापरण्याची लेखी परवानगी घ्या. त्यांच्या नकळत त्यांच्या नावानं पैसे गोळा करणं, हेतू कितीही चांगला असला, तरी चूकच आहे. आणि एक प्रश्न नक्की विचारा: ‘अमुक रक्कम आली तर तुमच्याकडे नेमकं काय होईल?’ ‘मुलांना मदत होईल’ या उत्तरावर थांबू नका. ‘एका मुलाची महिनाभराची फिजिओथेरपी होईल’ अशा उत्तरापर्यंत त्यांना न्या. पुढे तुमचा प्रत्येक सभासद हेच वाक्य आपल्या माणसांपुढे ठेवणार आहे.

इथे एक मोह होतो. पैसे फक्त एखाद्या वस्तूसाठीच वापरा, अशी अट घालावीशी वाटते. शक्यतो घालू नका. परिचारिकेचा पगार, गाडीचं इंधन, वीजबिल हेही संस्थेचं कामच असतं, आणि त्यासाठी देणारं सहसा कुणी भेटत नाही.

२. पैशाचा रस्ता आखा

व्यायाम ठरवण्याआधी हे करा. सगळ्यांत स्वच्छ रस्ता एकच: देणगी थेट संस्थेच्या खात्यात किंवा संस्थेच्या अधिकृत देणगी-पानावर जाते, पावती संस्था देते, आणि स्टुडिओ मध्ये येत नाही. पैसे आधी स्टुडिओच्या खात्यात आले, तर ते स्टुडिओचं उत्पन्न धरलं जाण्याचा आणि देणगीदाराची करसवलत हुकण्याचा धोका असतो. नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे तुमच्या हिशेबनीसाला एकदा विचाराच. प्रवेशशुल्क घेऊन त्याबदल्यात वर्ग किंवा टी-शर्ट देणार असाल, तर अनेक ठिकाणी ती पूर्ण रक्कम देणगी मानली जात नाही. सोडत काढायचा विचार असेल तर आणखी जपून, कारण बऱ्याच देशांत तिला जुगाराचे नियम लागतात आणि परवाना काढावा लागतो.

खर्चाचं आधीच ठरवा आणि जाहीर करा. हॉल, वीज, ट्रेनरचं मानधन, बॅनर हे सगळं कोण सोसणार? माझं ठाम मत आहे की हा खर्च स्टुडिओनं किंवा एखाद्या प्रायोजकानं उचलावा, म्हणजे ‘तुम्ही दिलेली पूर्ण रक्कम संस्थेकडे जाईल’ असं छातीठोकपणे सांगता येतं. ते जमत नसेल तर ‘खर्च वजा जाता उरलेली रक्कम’ असं स्पष्ट लिहा. दोन्हीही प्रामाणिक आहेत. मोघम राहिलेलं तेवढं प्रामाणिक नाही.

रोख रक्कम टाळता आली तर उत्तम. नाहीच टाळता आली, तर बंद पेटी ठेवा. ती दोघांनी मिळून तिथल्या तिथे उघडायची, मोजायची, आणि आकड्याखाली दोघांनी सह्या करायच्या. यात कुणावर अविश्वास नाही, उलट मोजणाऱ्या माणसाचं त्यातून रक्षण होतं.

३. सगळ्यांत कच्च्या सभासदाला झेपेल असा व्यायाम निवडा

इथेच स्टुडिओ चुकतात. ट्रेनर मंडळी स्वतःला आवडेल असं खडतर आव्हान ठरवतात, आणि नव्या सभासदाची आई, शेजारी, सहकारी म्हणजेच देणारी माणसं बाहेर उभी राहून बघतात. निधीसाठी सांघिक, आळीपाळीनं करायचा प्रकार सर्वांत चांगला. अमेरिकेत २००७ साली सुरू झालेल्या ‘सायकल फॉर सर्व्हायव्हल’चा साचा हाच आहे. दुर्मीळ कर्करोगांच्या संशोधनासाठी लोक स्टुडिओतल्या जागच्या जागी चालवायच्या सायकली चालवतात. एका संघाला एक सायकल आणि सदस्य पाळीपाळीनं बसतात. जो दहा मिनिटं चालवू शकतो तोही संघात, आणि जो तासभर चालवतो तोही.

होडी वल्हवल्यासारखा व्यायाम देणाऱ्या रोइंग मशिनवर १०० किलोमीटरचं सामूहिक लक्ष्य ठेवता येतं. ४० माणसं असतील तर प्रत्येकी अडीच किलोमीटर. साधारण तब्येतीच्या माणसाला त्यासाठी बारा-तेरा मिनिटं लागतात, उतरणं-चढणं आणि पट्टे आवळणं धरून पंधरा. चार मशिनं असतील तर एकेका मशिनवर दहा जण, म्हणजे अडीच तास. दोनच असतील तर पाच तास, आणि मग तो अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम होतो. हा गुणाकार पोस्टर छापण्याआधी कागदावर करा. योग स्टुडिओत १०८ सूर्यनमस्कार घेतले जातात. एकाला अर्धा मिनिट धरलं तर ५४ मिनिटं, पण मध्ये दोन-तीन विसावे आणि शेवटी शवासन धरून दीड तास ठेवा. ज्यांना सगळे झेपणार नाहीत त्यांनी बारा करून खुर्चीवरून मोजणी करावी, असं आधीच जाहीर करा. नाहीतर ते येणारच नाहीत.

आता धोक्याचं. ‘मर्फ’ नावाचा प्रसिद्ध वर्कआउट २००५ साली अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या स्मरणार्थ केला जातो: एक मैल धावणं, १०० पुल-अप, २०० पुश-अप, ३०० स्क्वॉट, पुन्हा एक मैल. अनेक जिम तो निधीसाठी घेतात. सरावातल्या माणसासाठीही तो जड आहे. शरीराला सवय नसताना एकाच हालचालीच्या शेकडो आवृत्त्या केल्या तर स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणावर फुटतात आणि त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करू शकतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. एक-दोन दिवसांत स्नायू प्रमाणाबाहेर दुखणं, सुजणं, अशक्तपणा आणि चहासारखी गडद लघवी ही त्याची लक्षणं. असं झालं तर घरी आराम करत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. धर्मादाय कार्यक्रमात ही जोखीम वाढते, कारण ‘एवढ्या लोकांनी माझ्या नावानं पैसे दिलेत, थांबू कसा?’ असं माणसाला वाटतं. म्हणून आवृत्त्या संघात वाटून द्या, आणि मध्येच थांबलेल्याची देणगी तेवढीच राहते, हे माइकवरून सांगा.

४. सुरक्षिततेची तयारी

बाहेरचे पाहुणे येणार असल्यानं आरोग्याची प्रश्नावली भरून घ्या. हृदयविकार, छातीत दुखणं, चक्कर, सांधे, चालू औषधं यांबद्दलचे सात प्रश्न असलेली ‘पार-क्यू’ प्रश्नावली जगभर वापरली जाते. एखादं उत्तर ‘हो’ आलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या व्यक्तीला जोरात व्यायाम करू देऊ नका, तिला मोजणीचं काम द्या. तुमचा विमा बिगरसभासदांना आणि अशा विशेष कार्यक्रमाला लागू होतो का, हे लेखी विचारा. बहुधा नेहमीची पॉलिसी फक्त सभासदांपुरती निघते.

प्राथमिक उपचार शिकलेला एक माणूस दिवसभर फक्त तेवढ्यासाठी राखून ठेवा, त्याला दुसरं काम देऊ नका. हृदय बंद पडल्यास मिनिटाला १०० ते १२० या गतीनं, पाच ते सहा सेंटिमीटर खोल छाती दाबायची, हे सगळ्या ट्रेनरना माहीत हवं आणि त्यांच्या हातांनाही त्याचा सराव हवा. एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र असेल तर ते कुठे आहे हे सर्वांना दाखवून ठेवा. हॉल भरला की उष्णता झपाट्यानं वाढते. एरवी वीस जण मावतात तिथे चाळीस कोंबू नका, दोन सत्रं करा.

५. मागायला शिका

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ द्या. कॅनडात १९८० साली टेरी फॉक्स हा तरुण कर्करोगानं गेलेल्या पायाच्या जागी कृत्रिम पाय लावून धावत निघाला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाल्यावर आजार फुप्फुसात पसरला आणि त्याला थांबावं लागलं. पण त्याची मागणी एका वाक्याची होती: प्रत्येक कॅनेडियनामागे एक डॉलर. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत देशाच्या लोकसंख्येएवढे, दोन कोटी चाळीस लाखांवर डॉलर जमले. आकडा छोटा होता, कुणालाही समजेल असा होता, आणि मागणारा स्वतः धावत होता.

तुमच्या सभासदांना हेच शिकवा. पहिली देणगी प्रत्येकानं स्वतः द्यावी, छोटी का असेना. रिकाम्या पानावर पहिलं नाव टाकायला लोक कचरतात. मग जवळच्या दहा जणांना, गटात नव्हे, एकेकाला नावानिशी निरोप पाठवावा. तो साधारण असा: ‘ताई, पुढच्या महिन्यात मी आमच्या स्टुडिओत अडीच किलोमीटर रोइंग करणार आहे. गेल्या वर्षी मला जिना चढतानाही धाप लागायची. जमणारे सगळे पैसे अमुक संस्थेला जातील, त्यातून मुलांची फिजिओथेरपी होते. तुला जमेल तेवढं देशील का? लिंक खाली आहे. नाही जमलं तरी त्या दिवशी बघायला ये.’ ग्रुपवरचा निरोप सगळे वाचतात आणि प्रत्येकाला वाटतं, दुसरा कुणीतरी देईल.

‘दर किलोमीटरला इतके’ किंवा ‘दर सूर्यनमस्काराला इतके’ असं वचन घेता येतं आणि त्यात गंमतही आहे, पण कमाल मर्यादा लिहून घ्या आणि नंतर वसुलीसाठी एक माणूस नेमा. खरं सांगायचं तर मला ठरावीक रक्कम आधीच घेणं जास्त आवडतं. त्यात मागे लागावं लागत नाही आणि जास्त आवृत्त्या करण्याचा दबावही राहत नाही. एखादा व्यावसायिक ‘जेवढे पैसे जमा होतील तेवढीच रक्कम मीही घालतो’ म्हणाला, तर त्याची वरची मर्यादा आणि मुदत दोन्ही जाहीर करा. मुदत जवळ आली की लोक हलतात. आठवण एकदा करावी, फार तर दोनदा.

कुणी किती दिले याची यादी भिंतीवर लावू नका. एकूण आकडा लावा, संघांचे किलोमीटर लावा. ज्याची या महिन्यात ओढाताण चालू आहे, त्याला दुसऱ्या दिवशी त्याच दारातून आत यायचं असतं.

६. कार्यक्रमाचा दिवस

तयारी नीट झाली असेल तर हा दिवस सोपा जातो. दारावर नोंदणीला दोघे, पाण्याला एक, मोजणीला एक, फोटोला एक. फोटोची संमती नोंदणीतच घ्या, मुलांसाठी पालकांची. सुरुवातीला संस्थेतल्या कुणालातरी पाच मिनिटं बोलायला सांगा, त्याहून जास्त नको. वॉर्म-अप झालेली शरीरं थंड पडतात. फळ्यावरचा आकडा दर अर्ध्या तासानं बदला. कोपऱ्यात देणगीचा क्यूआर कोड मोठ्या अक्षरांतल्या संस्थेच्या नावासह लावा, आणि तो स्वतः स्कॅन करून तपासा. चुकीच्या पानावर जाणारा कोड छापलेला मी पाहिला आहे, आणि ते कळेपर्यंत दुपार झाली होती.

७. हिशेब आणि आभार

दोन दिवसांच्या आत एकूण रक्कम सगळ्यांना कळवा. उशिरा येणाऱ्या वचनांसाठी दोन आठवडे थांबून अंतिम हिशेब एका पानावर लिहा: किती आले, कुठून आले, खर्च किती आणि तो कुणी केला, संस्थेला कोणत्या तारखेला किती मिळाले. सोबत संस्थेचं पोचपत्र जोडा. रक्कम लक्ष्यापेक्षा कमी भरली असली तरी तीच सांगा. आभार मात्र आकड्यावर ठरवू नका: बारा सूर्यनमस्कार करून पुढे तासभर मोजत बसलेल्या आजींचं नावही घ्या.

कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला एक खूण करून ठेवा. त्या दिवशी संस्थेला फोन करा, पैशातून काय झालं ते विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बॅचला वॉर्म-अपच्या आधी ते वाचून दाखवा.